आधी कुंपण, मग पाणी
(लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी सुरू होणाऱ्या चळवळीचा जाहीरनामा)

मूल शेततळ्यात बुडाले की पंचनाम्याच्या आधी गावाचा निकाल लागलेला असतो: आईचे लक्ष नव्हते. मूल विहिरीत पडले, आंघोळीच्या कढत पाण्यात पडले, मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली आले, थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले फवारणीचे औषध प्यायले, तरी निकाल तोच. मयतीला आलेली माणसे दबक्या आवाजात तो एकमेकांना सांगतात आणि त्या बाईच्या कानावर तो पडतोच. पुढची सगळी वर्षे ती तो ओझ्यासारखा वागवते. तळे मात्र तसेच उघडे राहते.

हा निकाल आम्हाला मान्य नाही. त्याच्या जागी आम्ही एक प्रश्न ठेवतो आणि तो प्रत्येक वेळी, प्रत्येक दारात, जाहीरपणे विचारणार आहोत: ते उघडे का होते?

आम्ही सिन्नर, संगमनेर, निफाड, चांदवड या तालुक्यांतली माणसे आहोत. आमच्यात डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागांचे मालक आहेत, त्यांच्याकडे मजुरीला येणाऱ्या बाया आहेत, अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेतले गुरुजी, दवाखान्यातले डॉक्टर, रुग्णवाहिकेचे चालक आहेत. ज्यांच्या घरचे मूल असे गेले तेही आमच्यात आहेत. या मसुद्यातला शब्द न् शब्द त्यांनी वाचला आहे आणि त्यांना जो पटला नाही तो आम्ही ठेवलेला नाही.

आम्ही शेततळ्याच्या विरोधात नाही, हे पहिल्यांदाच सांगतो. आमच्याकडे पाऊस भरवशाचा नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्याआधीपासून आणि त्यानंतरही आमच्या भागात तळी खोदली गेली, आणि त्यांच्याच जोरावर उन्हाळ्यात बागा तगल्या. तळ्यातल्या पाण्याने पोरींची लग्ने झाली, पोरांची शिक्षणे झाली. ते पाणी आम्हाला हवेच आहे. पण योजनेतले मोठे तळे म्हणजे तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. हा खड्डा आम्ही घराच्या अंगणालगत, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर खोदला आणि त्याला दार लावले नाही.

ज्यांनी शेततळे जवळून पाहिलेले नाही त्यांनी एकदा त्याच्या बांधावर उभे राहावे. पाणी मुरू नये म्हणून तळापासून काठापर्यंत जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. कागद नसेल तर आमच्या मुरमाड जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून तो लागतोच. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की उतारावरचा ओला कागद उघडा पडतो आणि त्यावर बुळबुळीत शेवाळ धरते. हात ठेवला तर तो ओल्या साबणाच्या वडीवरून सरकावा तसा सरकतो. विहिरीत निदान एखादी कपार हाताला लागते, दगडाचा खोबणा लागतो, मोटारीचा पाइप लागतो. शेततळ्यात धरायला काहीच नाही. पाय घसरला की माणूस थेट पाण्यात जातो, काठाशी येतो, चढायला बघतो, पुन्हा घसरतो, आणि असे करता करता दमतो. पट्टीचा पोहणाराही इथे बुडतो. म्हणूनच एका तळ्यातून एकाच दिवशी दोन दोन, तीन तीन देह काढावे लागतात. धाकटा घसरलेला असतो, त्याला धरायला थोरली वाकलेली असते, दोघांना काढायला आई उतरलेली असते. अशी बातमी वाचली नाही असे घर आमच्या तालुक्यांत नसेल.

आणि मूल तिथे कशाला जाते? चेंडू गेला म्हणून. शेळीला पाणी दाखवायचे म्हणून. मातीने भरलेले पाय धुवायचे म्हणून. चपलेचा एक जोड पाण्यात पडला आणि घरी रागावतील म्हणून. यातले एकही कारण मुलाचा गुन्हा नाही. दोन वर्षांचे मूल पाण्याकडे जाणारच. त्याचे डोके अंगाच्या मानाने जड असते, ते वाकले की तोल पुढे जातो, आणि परत वर यायची ताकद त्याच्या हातांत नसते. एवढ्या लहान मुलाला न्हाणीघरातली अर्धी बादलीसुद्धा पुरते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बुडणारे मूल ओरडत नाही. सिनेमात दाखवतात तसे हात वर करून ते हाका मारत नाही. तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो, आवाज काढायला उसंत नसते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. आई वीस पावलांवर भांडी घासत असली तरी तिला काही ऐकू येत नाही. भांडी घासून, पीठ मळून, तान्ह्याला पाजून, कांद्याच्या चाळीत पाट्या वाहून, वर दिवसभर एका चालत्या-पळत्या मुलावर डोळा ठेवणे कोणत्याही एका माणसाला शक्य नाही. जे शक्यच नाही ते तिने केले नाही म्हणून तिला दोषी धरायचे, आणि एका दुपारात होणारे कुंपणाचे काम ज्यांनी केले नाही त्यांना कुणी विचारायचेही नाही, असे आजवर चालत आले. जगाच्या पाठीवर ही एकट्या आमची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतला जवळपास पाव हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा होता.

निष्काळजीपणा झाला आहे, यात आम्हाला शंका नाही. तो कुठे झाला हे दाखवायचे आहे. तो झाला तळे खोदताना, कागद अंथरताना, अनुदानाचा हप्ता सोडताना, मोजणीला येऊन फोटो काढून परत जाताना. मूल पाण्यात पडले तो दिवस त्या निष्काळजीपणाचा शेवटचा दिवस होता. त्याआधी तो कित्येक महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडा पडलेला होता.

कागदोपत्रीही हे मूल नीट मोजले जात नाही. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होते, आणि पुढे ती कागदपत्रे कुणी उघडत नाही. तळ्याला कुंपण होते का, काठावर दोर होता का, याची त्यात नोंद झाली तर पुढच्या मुलासाठी काही शिकता येईल. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, ती १० ते ७५ वर्षांच्या माणसांसाठी आहे. दहा वर्षांच्या आतले मूल तिच्यात येत नाही. पैशाने मूल परत येत नाही हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण ज्या वयाची मुले आमच्या तळ्यांत सर्वांत सहज जातात तेच वय योजनेच्या बाहेर असेल, तर ती मुले सरकारच्या हिशेबात कुठेच दिसणार नाहीत, आणि जे हिशेबात दिसत नाही त्यासाठी तरतूद होत नाही.

कूपनलिकेच्या बाबतीत देशाने हा धडा निदान कागदावर तरी घेतला. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यातला पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला, सैन्याने शेजारून खणून त्याला जिवंत बाहेर काढले, आणि सगळा देश टीव्हीसमोर बसून होता. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: बोअर घेण्याआधी पंधरा दिवस कळवायचे, खोदकामाभोवती तारेचे कुंपण आणि फलक लावायचा, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा, तोंडावर पत्रा वेल्ड करून किंवा पक्के झाकण बसवून ते बंद करायचे, आणि कोरडी गेलेली बोअर माती-दगड टाकून तळापासून वरपर्यंत भरायची. नियम स्पष्ट आहेत. तरीही आमच्या शिवारात पोत्याने किंवा नुसत्या दगडाने झाकलेली बोअर दिसते, कारण केसिंग पाइप काढून विकता येतो आणि भोक बुजवायला ट्रॉलीभर मुरूम लागतो. हे आम्ही यापुढे चालू देणार नाही. विहिरीचेही तसेच. जुन्या विहिरींचे कठडे ढासळले आहेत, नव्यांना बांधलेच गेले नाहीत. आजोबांच्या काळात विहीर लांब मळ्यात होती, आता मळ्यातच वस्ती झाली आहे.

मजुरांच्या मुलांबद्दल वेगळे आणि जोर देऊन बोलावे लागेल. द्राक्षाच्या हंगामात पेठ, सुरगाणा भागातून कुटुंबेच्या कुटुंबे आमच्या बागांवर येतात. त्यांची राहायची सोय म्हणजे बहुतेकदा तळ्याजवळचे शेड, कारण पाणी आणि मोटार तिथेच असते. आई-वडील दोघेही बागेत, पाच वर्षांची बहीण दीड वर्षाच्या भावाला काखेत घेऊन शेडपाशी. ऊस तोडायला बीडकडून आलेल्या टोळ्यांत मूल पाचटावर झोपवलेले असते आणि भरलेला ट्रॅक्टर त्याच फडातून मागे येतो. चालकाला चाकामागचे काही दिसत नाही. ही मुले आमच्या कामासाठी आमच्या जमिनीवर आलेली आहेत. त्यांना काही झाले तर ती जबाबदारी आमची, बागाईतदारांची. मुकादमावर किंवा आईवर ती ढकलता येणार नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने साधी तरतूद केली होती: कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. ही रीत आम्ही आपापल्या बागेत, फडात आणि खळ्यावर स्वतःहून सुरू करत आहोत. आठ बाया तोडणीला असतील तर नववी मुलांजवळ बसेल आणि तिचा रोज मालक देईल. बांगलादेशात खेड्यांतल्या चिमुकल्यांसाठी सकाळपासून दुपारपर्यंत, म्हणजे घरची बाई कामात बुडालेली असते त्याच वेळी, पाळणाघरे चालवली गेली आणि तिथल्या मुलांचे बुडणे फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. आमच्या अंगणवाड्या तीन वर्षांवरच्या मुलांना काही तास बसवतात. एक ते तीन वयाची मुले, जी सर्वाधिक धोक्यात असतात, ती घरीच राहतात.

घराच्या आतल्या गोष्टींवर आम्ही थोडक्यातच लिहितो, कारण त्या प्रत्येकाला ठाऊक आहेत आणि करायला सोप्या आहेत. आंघोळीचे कढत पाणी बादलीत आधी ओतू नये, आधी गार पाणी घ्यावे आणि वर गरम. हीटरचा रॉड लावलेली बादली मुलाच्या हाताला लागेल अशी जमिनीवर ठेवू नये. लग्नात आचाऱ्याच्या चुलाणाभोवती दोरी बांधून मुलांना आत येऊ देऊ नये. तिथली पातेली जमिनीलगत असतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. रिमोटमधली चपटी गोल बॅटरी मुलाने गिळली असेल तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यावे. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत आतून भाजते. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा केंद्राचा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. पुढे टाकीवर पोराला बसवून गावात फिरणे आपण सगळ्यांनीच बंद केले पाहिजे.

फवारणीच्या औषधाबद्दल मात्र थांबावे लागते. औषधाचा मोठा डबा परवडतो म्हणून दोघे-तिघे वाटून घेतात आणि प्रत्येकजण आपला वाटा पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत घरी नेतो. छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या डोळ्यांना लावायची पेस्ट चहाच्या कपात कालवली जाते. चार वर्षांचे मूल बाटली ओळखते, आतले द्रव्य ओळखत नाही. औषध त्याच्या मूळ डब्याबाहेर काढायचे नाही आणि ते घरात न ठेवता कुलपाच्या पेटीत राहील, हे आमच्यातल्या प्रत्येकाने मान्य केले आहे. मुलाने तोंडाला लावलेच तर घरी उलटी करवायची नाही, रॉकेलच्या बाबतीत तर मुळीच नाही. अंगावरचे कपडे काढून कातडी धुवायची आणि तो डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा, म्हणजे डॉक्टरला काय पोटात गेले ते कळेल.

आम्हाला कुणी म्हणेल की एवढे कुंपण घालूनही आई-बापांनी लक्ष द्यायला नको का? द्यायलाच हवे, आणि ते देतातच. पण नुसत्या उपदेशाने मुले वाचत नाहीत याचा पुरावा आहे. न्यूयॉर्क शहरात एके काळी उंच चाळींच्या खिडक्यांतून मुले पडून मरत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या आरोग्य खात्याने घरोघरी जाऊन समजावले आणि खिडकीला लावायचे गजही फुकट वाटले. मग १९७६ साली नियमच केला: लहान मूल राहत असेल त्या घराच्या खिडक्यांना गज लावण्याची जबाबदारी घरमालकाची. पडणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने खाली आली. आयांचे लक्ष त्या वर्षात अचानक वाढले नव्हते, खिडकीला गज लागले होते.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. शेततळ्याच्या अनुदानात कुंपणाचा खर्च धरला जावा आणि दाराला कुलूप असलेल्या कुंपणाचा फोटो आल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटू नये. कागदाला लाखाच्या घरात पैसे लागतात; त्याच्या तुलनेत जाळी आणि खांब ही मोठी रक्कम नाही. जी तळी अनुदानाशिवाय झाली त्यांनाही हाच नियम ग्रामपंचायतीच्या ठरावाने लागू व्हावा. प्रत्येक तळ्यात चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर किंवा जुन्या टायरांची शिडी काठावरून पाण्यात सोडलेली असावी आणि तो दोर बांधलेला खांब पक्का असावा, कारण कुंपण ओलांडूनही कुणी आत गेलेच तर त्याला बाहेर यायला काहीतरी हाताला लागले पाहिजे. काठावर हवा भरलेली ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीसकट टांगलेला असावा. बुडालेल्या मुलाच्या पंचनाम्यात कुंपण, दोर आणि झाकण यांची नोंद व्हावी. अपघात अनुदानाची खालची वयोमर्यादा काढून टाकावी. एक ते तीन वयाच्या मुलांसाठी हंगामात गावोगावी पाळणाघर चालावे.

तुरुंगाची मागणी आम्ही सरसकट करत नाही, आणि याचे कारण आम्ही लपवत नाही. आमच्या भागात तळ्याचा मालक बहुतेक वेळा त्या मुलाचा बाप असतो, चुलता असतो, आजा असतो. त्याला कोठडीत घालून त्याच्या बायकोला दुसरे दुःख देण्यात न्याय नाही. पण जो ठेकेदार बांधकामावरचा पाण्याचा खड्डा उघडा टाकून जातो, जी संस्था गटाराचे झाकण महिनोन् महिने बसवत नाही, जो बोअरवाला कोरडे भोक तसेच सोडून पुढच्या गावाला गाडी नेतो, त्याला नियम माहीत असतो आणि तो मोडून त्याचे पैसे वाचतात. तिथे आम्ही गुन्हा नोंदवायला जाऊ आणि मुलाच्या घरच्यांबरोबर शेवटपर्यंत उभे राहू.

स्वतःवरही आम्ही काही बंधने घालून घेत आहोत. आमच्यातला कुणीही मयतीत किंवा चहाच्या टपरीवर आईच्या लक्षाविषयी बोलणार नाही, आणि दुसरा बोलला तर तिथेच थांबवील. ज्याच्या स्वतःच्या तळ्याला कुंपण नाही तो या चळवळीच्या वतीने दुसऱ्याच्या दारात जाणार नाही. प्रत्येक गावात निदान दहा जण बुडालेल्याला वाचवायची पद्धत शिकून घेतील: पाण्यात उडी न घेता बांबू, साडी, दोर टाकून ओढायचे, बाहेर काढल्यावर डोक्यावर घेऊन गरगर फिरवायचे नाही, पालथे घालून पोट दाबण्यात वेळ घालवायचा नाही, श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास देऊन छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. भाजलेल्या मुलाच्या अंगावर टूथपेस्ट, शाई, हळद लावायची नाही. वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायचे. शाळांनी पाचवीपासून पुढच्या मुलामुलींना पोहायला शिकवावे अशी आमची इच्छा आहे, मुलींना विशेषकरून, कारण धाकट्याला धरायला वाकते ती बहुतेकदा थोरली बहीण असते आणि तिला पोहायला कुणी शिकवलेले नसते.

काम असे सुरू होईल. महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंत प्रत्येक गावातले आमचे लोक शिवारात फिरून प्रत्येक तळे, विहीर आणि बोअर वहीत उतरवतील: गट क्रमांक, वस्तीपासूनचे अंतर, कुंपण, दोर, कठडा, झाकण. मालकाला आधी घरी जाऊन सांगितले जाईल आणि जमत नसेल तर खांब, जाळी, हात यांची मदत केली जाईल. १ मेच्या ग्रामसभेत ती वही मोठ्याने वाचली जाईल, कारण त्याच आठवड्यात शाळांना सुट्ट्या लागतात आणि मुले शिवारात मोकळी होतात. वाचन संपल्यावर ज्या तळ्यापुढे ‘कुंपण नाही’ असे लिहिलेले असेल तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जमायचे आहे. पहार, फावडे आणि तार कापायची पक्कड ज्याने त्याने घरून आणावी. खांबांचे खड्डे दुपारच्या उन्हाआधी घेऊन व्हायला हवेत.